पुंगळी का अडकते?

आजचा विषय जरा वेगळा. बंदूक मी आयुष्यात कधी हातात धरलेली नाही, अगदी एनसीसीतसुद्धा नाही. पण डीबगिंगचं सगळ्यात जीवघेणं उदाहरण कुठलं असं विचारलंत, तर मी जावा-बिवा बाजूला ठेवून अमेरिकेच्या एम-१६ रायफलकडे बोट दाखवीन.

१९६६-६७ साली व्हिएतनाममध्ये ही रायफल ऐन चकमकीत बंद पडायची. गोळी सुटायची, पण पितळी पुंगळी चेंबरमध्येच घट्ट बसायची. तिला बाहेर ओढणारा हुक, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, पुंगळीची कड फाडून मोकळा व्हायचा. मग नळीच्या तोंडातून सफाईची सळई घालायची आणि पुंगळी ठोकून काढायची. पुढून गोळ्या येतायत आणि हा बिचारा ठोकतोय! रायफल खोलून बसलेले जवान तसेच मारले गेल्याची पत्रं घरी पोचली, पेपरात छापून आली.

सैन्याचं पहिलं निदान काय? तर पोरं रायफल साफ ठेवत नाहीत. आपल्याकडे 'युजर एरर' लिहून तिकीट क्लोज करतात ना, अगदी तेच. सफाईचं सामान मात्र पुरेसं पोचलंच नव्हतं, आणि वर हिला फारशी सफाई लागत नाही असा समज!

खरी गोम दारूत होती. यूजीन स्टोनरची ही रायफल ड्यूपाँटच्या आयएमआर दारूवर बसवलेली. १९६४ मध्ये सैन्याने ऑलिनची बॉल पावडर आणली. गोळीचा वेग तोच, म्हणजे कागदावर सगळं ओके. पण हिचा बोल्ट नळीतल्या छिद्रातून मागे येणाऱ्या गॅसवर चालतो, आणि नव्या दारूने तिथला दाब वाढला. बोल्ट लवकर उघडू लागला. बार उडाला की पितळ फुगून चेंबरला चिकटतं, दाब उतरला की किंचित आकसतं. इथे ते आकसायच्या आतच हुक ओढायला लागला. त्यात दमट हवा, चेंबरला क्रोमचा मुलामा नाही, गंजाचे खड्डे. कड फाटेल नाही तर काय होईल?

आणि याहून संतापजनक म्हणजे, नव्या दारूवर रायफली ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने चालत, म्हणून कारखान्यातली चाचणी जुन्या दारूवर करायला मुभा दिली गेली. टेस्ट एकावर, प्रॉडक्शन दुसऱ्यावर! १९६७ मध्ये रिचर्ड आयकॉर्ड यांच्या संसदीय उपसमितीने सैन्याला चांगलंच फैलावर घेतलं, ते मला तरी योग्यच वाटतं.

पुढे बफर जड केला, चेंबरला क्रोम आलं. बॉल पावडर मात्र राहिली, त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट तेवढं कमी केलं. म्हणजे दारू 'वाईट' नव्हतीच, तिची या रायफलशी गाठ नीट तपासली नव्हती. सफाई शिकवायला विल आइसनरकडून चक्क कॉमिक पुस्तिका काढून घेतली. झकास आहे ती. फक्त रायफलींच्या पहिल्या पेटीबरोबर जायला हवी होती.