उपनगराला इतिहास नसतो म्हणे!

तर झालं असं. दिवाळीत भाचा आला होता, न्यू जर्सीतल्या एडिसनहून. फराळाच्या वेळी कुणीतरी सहज विचारलं, "काय रे, तुझं गाव कसं आहे?" आणि पोरगं धडाधडा बोलायलाच लागलं. एडिसन म्हणजे काही मोठं शहर नव्हे, न्यूयॉर्कच्या आसपास पसरलेल्या उपनगरांपैकी एक. क्षेत्रफळ तीस चौरस मैलांच्या आसपास. १८७० साली रॅरिटन टाउनशिप या नावानं सुरुवात, १९५४ साली नाव बदलून एडिसन, कारण थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीतली. २०१० साली लोकसंख्या ९९,९६७, २०२० साली १,०७,५८८. त्यात आपले लोक कुठल्या भागात जास्त, त्यांची दुकानं कुठल्या रस्त्याला, सगळं तोंडपाठ.

मग त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "मामा, आपली शाहूपुरी कधी वसली?"

माझ्या तोंडात चकली होती. तिचा मी पुरेपूर फायदा घेतला. पण पेठेतल्या आमच्या एका ज्येष्ठ नातेवाइकांनी उत्तर दिलंच, "अरे, उपनगराला कसला आलाय इतिहास! इतिहास पेठांना. तिकडं ओढ्यापलीकडं सगळी बाहेरून आलेली माणसं." सगळे हसले. मीही हसलो, याचाच जास्त राग आला. तो आज इथे काढतोय. संबंधित काका हे वाचतात, त्यांनी राग मानू नये. (मानला तरी पाडव्याला येतोच आहे.)

काका, साताऱ्याच्या पेठा तरी आकाशातून पडल्या का? मुळात होता तो वर किल्ला, अजिंक्यतारा. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि पुढच्या काही वर्षांत किल्ल्याखालच्या उतारावर वस्ती वाढली, तिला शाहूनगर म्हणायचे. म्हणजे गडावरच्या माणसाच्या लेखी अख्खं सातारा शहर हेच ओढ्यापलीकडचं उपनगर! तिथं आलेले कारकून, सावकार, शिलेदार, कासार, तांबट, सगळे बाहेरूनच आले होते. यादोगोपाळ पेठ हे नाव एका माणसाचं आहे. ते ऐकताना आपण अदबीनं मान डोलावतो आणि आमच्या कॉलनीला कुणा माणसाचं नाव दिलं की "हे कोण बुवा?" म्हणून नाक मुरडतो. आणि सदर बझार? ती तर इंग्रजांच्या छावणीची वस्ती. तिला आता कुणी उपरी म्हणत नाही. दोनशे वर्षं झाली की अतिक्रमणाचासुद्धा वारसा होतो, एवढाच काय तो फरक.

सांगलीकरांनीही फार हसू नये. १८०१ साली चिंतामणराव पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीला राजधानी केली. त्याआधी मिरजेपुढे सांगली म्हणजे खेडंच. सहा गल्ल्यांवरून नाव पडलं असं सांगतात. सहा गल्ल्या! आमच्या मावशीच्या गुंठेवारीत त्याहून जास्त आहेत.

आता जरा आकड्यांकडे. २००१ च्या जनगणनेत सातारा शहर १ लाख ८ हजार, २०११ साली १ लाख २० हजार. दहा वर्षांत फक्त बारा हजार माणसं वाढली! त्या दहा वर्षांत ज्यानं मोळाच्या ओढ्यापासून संध्याकाळी स्कूटर काढली असेल, गोडोलीकडून विलासपूरला गेला असेल, त्यानं हा आकडा वाचून कपाळावर हात मारला असेल. माणसं वाढली हो, पण हद्दीबाहेर वाढली. जिथं शेतं होती तिथं चार-चार मजले उठले, आणि कागदावर ते सगळं 'गाव'. ग्रामपंचायत म्हणजे गाव, मग तिथला माणूस शेती करो की बँकेत नोकरी. जनगणनावाल्यांचा नियम निराळा. पाच हजारांवर वस्ती, चौरस किलोमीटरला चारशे माणसं आणि पंचाहत्तर टक्के पुरुष कामकरी शेतीबाहेर, असं असेल तर ते जनगणनेपुरतं शहर. पण ते मोजण्यापुरतंच. त्यानं गटार येत नाही.

शाहूपुरी, विलासपूर हे भाग सातारा पालिकेत आले २०२० साली, कित्येक वर्षं हद्दवाढीची चर्चा चालल्यानंतर. आणि त्या पालिकेचे नगरसेवक निवडायला डिसेंबर २०२५ उजाडला. मधली पाच वर्षं आम्ही गावचेही नव्हतो आणि शहरात आमचं कुणी नव्हतं. पेठेतल्या किती जणांनी याबद्दल तोंड उघडलं? इतिहास नाही असं म्हणणं फार सोयीचं असतं. ज्यांना इतिहास नाही त्यांना घाई कसली, थांबतील की!

मला सगळ्यात संताप येतो तो 'बाहेरची माणसं' या शब्दांचा. आमच्या गल्लीत कोण आहे सांगतो. पहिल्या घरात माण तालुक्यातून १९७२ च्या दुष्काळानंतर आलेले गुरुजी. शेजारी कण्हेर धरणात गाव गेलेलं कुटुंब. समोर निवृत्त सुभेदार. साताऱ्याच्या उपनगरात एक तरी फौजी असल्याशिवाय गल्ली पुरी होत नाही. कोपऱ्यावर गिरणी कामगार, १९८२ च्या संपानंतर लालबागची खोली सोडून आलेले. आणि आमचे बाबा, एस.टी.त कंडक्टर. दुष्काळ, धरण, फौज, गिरणी आणि एस.टी. या पाच शब्दांत सातारा जिल्ह्याचा पन्नास वर्षांचा इतिहास आला की नाही? तो राजवाड्यापाशी राहत नाही, आमच्या गल्लीत राहतो.

आता गुंठेवारीबद्दल. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १०८९ चौरस फूट. मावशीनं सांगलीत कुपवाड रस्त्याच्या बाजूला दीड गुंठा घेतला तेव्हा गावभागातल्या तिच्या सासरच्यांनी "रानात राहायला गेली" असं म्हटलं होतं. काळी माती, पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन बसस्टॉप गाठायचा, भिंतींना दर उन्हाळ्यात नवी भेग. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड एकत्र करून महापालिका झाली. २००१ साली राज्यात गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, २०२१ साली त्याची मुदतरेषा पुढे सरकवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. मधल्या काळात मावशीनं एका कार्यालयात किती चकरा मारल्या त्याची गणती नाही. फाइल हरवली, सापडली, पुन्हा हरवली. घर मात्र 'बेकायदेशीर', आणि घरपट्टी तेवढी कायदेशीर!

पुढे २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली. गावभागात पाणी शिरलं आणि सासरची अकरा माणसं, दोन मांजरं आणि गणपतीची पितळी मूर्ती 'रानात' दाखल झाली. मावशी मला फोनवर एवढंच म्हणाली, "तांदूळ पुरेल रे, अंथरुणं कमी आहेत." त्या अकरा जणांपैकी एकानंही नंतर रान हा शब्द काढलेला नाही.

उपनगर म्हणजे सगळं छान असं मी म्हणत नाही. ओढे बुजवून प्लॉट पाडले ते आपल्याच माणसांनी. शामरावनगरात जोराच्या पावसानंतर काय होतं ते सांगलीकरांना माहीत आहे. बागेची जागा नकाशात हिरवी आणि जमिनीवर दुमजली, हेही पाहिलंय. पण हे सुद्धा लिहायला हवं ना? कोणता ओढा, कोणत्या साली, कुणी बुजवला? अमेरिकेतल्या लेव्हिटटाउनची गोष्ट वाचा. १९४७ साली न्यूयॉर्कजवळ कारखान्यासारखी भराभर घरं उभी केली. आजही त्या वस्तीला स्वतःची नगरपालिका नाही, पण जनगणनेत स्वतंत्र नाव आहे, आकडा आहे, इतिहास आहे. आणि त्या इतिहासात हेही आहे की सुरुवातीला तिथं काळ्या माणसांना घर मिळत नव्हतं, तशी अट करारातच होती. लिहून ठेवलं म्हणून लाजही शिल्लक राहिली. आपल्याकडे कुठल्या सोसायटीत आडनाव विचारून प्लॉट 'संपले' हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कागदावर कुठे नाही. ज्या वस्तीला इतिहासच नाही तिला जाब कसा विचारणार?

२०२१ ची जनगणना झालीच नाही, आता २०२७ च्या जनगणनेची तयारी आहे. मोजणारे येतील, डोकी मोजतील, निघून जातील. बाकीचं आपल्याला करायला हवं. म्हणून दोनशे पानी वही आणली आहे. एडिसनच्या भाच्यानं टायपिंगचं काम अंगावर घेतलंय (बघू किती दिवस टिकतं). साताऱ्या-सांगलीतल्या नातेवाइकांनी आणि वाचणाऱ्यांनी एवढंच कळवावं: प्लॉट कधी घेतला, काय भावानं, आधी तिथं काय पिकत होतं, लाइट कधी आली, नळ कधी आला, पहिलं किराणा दुकान कुणी काढलं. काकांनीही कळवावं. त्यांच्या धाकट्या मुलानं विलासपुरात फ्लॅट घेतलाय, ते दिवाळीत सांगायचं राहून गेलं त्यांच्याकडून.

पहिली नोंद आमचीच. प्लॉट १९७९, आधी तिथं ज्वारी. विहीर शेजाऱ्यांची, दोन घरांत एक रहाट. नळ १९९१ साली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं. पाणी गढूळ होतं.