वार विचारून जेवा

मोरोक्कोहून परतलेले पुष्कळ जण सांगतात, जिथे जावं तिथे ताजीनच. निमुळत्या झाकणाच्या मातीच्या भांड्यातला तो रस्सा माराकेशच्या जामा एल-फ्ना चौकाभोवती दुपारपासून रात्री उशिरापर्यंत कुठेही मिळतो. प्रवासी ‘चांगलं जेवण कुठे मिळेल’ एवढंच विचारतात, कधी मिळेल हे विचारत नाहीत. त्या देशाच्या स्वयंपाकाला मात्र वार आहे, वेळ आहे, निमित्त आहे.

कुसकुस शुक्रवारचा. दुपारच्या नमाजानंतर घरची माणसं एका मोठ्या थाळ्याभोवती बसतात. त्यासाठी रव्याचे दाणे पाण्या-तेलाच्या हाताने मोकळे करायचे, उकळत्या रश्श्यावर वाफवायचे, उपसून पुन्हा मोकळे करायचे, पुन्हा वाफवायचे. बाईची सगळी सकाळ यात जाते. २०२० साली युनेस्कोने मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया यांच्या एकत्र प्रस्तावावरून वारशाच्या यादीत घेतलं ते हे ज्ञान आणि ही रीत.

बिसारा सकाळचा. फावा या कडधान्याच्या वाळवलेल्या दाण्यांची ही घट्ट आमटी, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. थंडीत फेझच्या गल्ल्यांत कामावर निघालेली माणसं ती पावाबरोबर खातात. आपल्या शाकाहारी प्रवाशाने पहिल्यांदा हीच शोधावी. कारण ‘भाज्यांचा कुसकुस’ म्हणून जो समोर येतो, त्यातल्या भाज्या बहुधा मांसाच्याच रश्श्यात शिजलेल्या असतात. तंजिया ही माराकेशची, आणि तीही पुरुषांनी करायची: उभट मडक्यात मटण, लसूण, जिरं, केशर, खारवलेलं लिंबू भरायचं आणि हमामचं पाणी तापवणाऱ्या भट्टीवाल्याच्या हवाली करायचं. तिथल्या गरम राखेत ती तासन्‌तास शिजते.

आणि रफिसा बाळंतिणीचा. फाडलेल्या पोळ्यांवर कोंबडी, मसूर आणि मेथी. बाळंतिणीला मेथी हवीच, हे आपल्या आज्यांइतकंच तिथल्या आज्यांनाही ठाऊक आहे. मराठी माणसाला मोरोक्को इतका जवळचा वाटायला लावणारा दुसरा पदार्थ नसेल, आणि सहलीत तो सहसा कुणी खाऊ घालत नाही.

आपल्याकडच्या सहलींच्या जाहिरातींत भारतीय जेवणाची हमी ठळक छापलेली असते. घरापासून दूर ज्यांना तिचा आधार वाटतो, त्यांच्यासाठी ती असू द्या. पण मोरोक्कोतली एक शुक्रवारची दुपार तरी त्या हमीतून मोकळी ठेवा. हा स्वयंपाक पिढ्यान्‌पिढ्या घरच्या बायकांनी सांभाळला, त्यामुळे त्याचे पैसेही त्यांच्या हाती पडायला हवेत. माराकेशमध्ये ‘अमल’ ही संस्था गरजू बायकांना स्वयंपाकाचं शिक्षण देते आणि स्वतःचं उपाहारगृह चालवते. शुक्रवारी तिथे कुसकुस असतो. सहल आखणाऱ्यांनी विमानाची तिकिटं काढतानाच तिथली टेबलं सांगून ठेवावीत.