अक्षरे कोणाच्या मालकीची?

संगणकावर मराठी लिहिताना कोणता फॉन्ट घ्यावा, हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण आज्ञावली रचणाऱ्या प्रत्येकाला पडणारा मोठा प्रश्न त्यात दडलेला आहे: एकाच कंपनीच्या पद्धतीवर विसंबावे, की सर्वांना खुल्या असलेल्या प्रमाण पद्धतीवर?

संगणक अक्षरे साठवत नाही, क्रमांक साठवतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये त्यासाठी फार तर 256 जागा असत. तेवढ्यात सारी जोडाक्षरे बसेनात. म्हणून श्रीलिपी, आकृती यांसारख्या आज्ञावल्यांनी अक्षरांचे काने, मात्रा, अर्धी अक्षरे असे तुकडे करून त्यांना आपापले क्रमांक दिले. छपाई सुबक झाली. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

आता दुसरी बाजू पाहा. समजा, कोरेगाव भीमाच्या एखाद्या शाळेने आपला इतिहास अशा फॉन्टमध्ये लिहून ठेवला. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तालुक्याचे 'शिरूर' हे नावसुद्धा रोमन अक्षरांची व चिन्हांची गिचमीड दिसेल. शोधू गेल्यास सापडणार नाही. कारण तेथे आकार साठवलेला आहे, अक्षर नव्हे.

1991 साली भारतीय मानक ब्युरोची 'इस्की' ही संकेतपद्धती आली आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. युनिकोडमध्ये 'शिरूर' म्हणजे 2358, 2367, 2352, 2370, 2352. यातील 2367 ही ऱ्हस्व वेलांटी. ती डोळ्यांना 'श'च्या आधी दिसते, पण उच्चारात नंतर येते. म्हणून साठवलीही नंतरच जाते. फॉन्ट बदला, कंपनी बदला, क्रमांक तेच राहतात.

प्रमाण पद्धतीचीही किंमत मोजावी लागते. तिला सर्वांची संमती लागते, म्हणून ती सावकाश चालते. मराठीतील 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळायला 2008 साल उजाडले!

मग निवड कशी करावी? माझे मत असे: सजावटीसाठी, छपाईसाठी कंपनीची खास साधने खुशाल वापरा, पण जे टिकवायचे आहे, तो मूळ मजकूर प्रमाण संकेतांतच ठेवा. फॉन्ट उद्याही बदलता येईल. शेकडो पाने पुन्हा टंकलिखित कोण करणार?

शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह एक प्रयोग जरूर करावा. शाळेच्या संगणकातील जुना मराठी लेख उघडून त्याचा फॉन्ट बदलून पाहावा. अक्षरे विस्कटली, तर जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वीच त्या लेखाचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे आणि मूळ प्रतीशी ताडून पाहावे.