दिवास्वप्नाला मोकळीक कोण देणार?

गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' वाचणाऱ्या शिक्षकांच्या ऑनलाइन अभ्यासगटात मी, निवृत्त बँक अधिकारी, श्रोता म्हणून सामील झालो. पुस्तकातला लक्ष्मीराम चौथीच्या वर्गात गोष्टी, खेळ, नाटके आणतो. पण त्याआधी शिक्षणाधिकाऱ्याकडून वर्षभराची मोकळीक मिळवतो. चर्चेत सारे गोष्टी-खेळांवरच बोलले. मोकळीकीचा प्रश्न एकाच शिक्षिकेने काढला आणि कळीचा तोच आहे. २०२० चे धोरण म्हणते, कृतीतून शिकवा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकाला जनगणना, निवडणुकीच्या कामाला जुंपण्याची मुभा देते. बँकेत आम्ही शिल्लक पाहिल्याखेरीज धनादेश वटवत नसू. शिक्षकाच्या खात्यात वेळ न भरता त्यावर नावीन्याचे धनादेश काढणाऱ्यांनी 'दिवास्वप्न' आधी स्वतः वाचावे.