दारूचा निकाल कोणी लावायचा?

ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो. पण गावात दारूचा प्रश्न निघाला की ही म्हण आपण खुशाल विसरतो. बैठक बसते. पुढारी येतात, गुरुजी येतात, पोलीसपाटील येतात. ज्यांच्या घरात दारू कधी शिरली नाही ती मंडळी दारूवर तासभर बोलतात. ठराव होतो, चहा होतो. जिने दहा वर्षे रात्री दाराकडे डोळे लावून काढली ती माउली मागे खांबाआड उभी असते. आणि जो गडी बाटली सोडून पुन्हा माणसात आला, त्याला तर बोलावणेच नसते. "त्याला काय विचारायचे? तो दारुडा होता." अहो, होता म्हणूनच विचारायचे!

वटारसारख्या आपल्या वसईच्या पट्ट्यातली गोष्ट घ्या. वाडीतली फुले, भाजी घेऊन माणूस पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजाराला जातो. माल विकला की रोख पैसा हाती येतो. तो घरी पोचतो की वाटेत अडतो, हे घरधनिणीइतके कोणाला ठाऊक? हिशेब कोणत्या वारी होतो, कोणत्या नाक्यावर कोण हाक मारतो, उधारीची वही कोणाकडे असते, ताडीच्या नावाखाली काय विकले जाते, हे तिला तोंडपाठ असते. साहेबाच्या फायलीत हे सापडायचे नाही.

बरे, महाराष्ट्रात बाईच्या या अनुभवाला कायद्याने वजन दिले आहे. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातले किंवा वॉर्डातले परवान्याचे दुकान मतदानाने बंद करता येते. आपल्याकडे २००९ साली वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा गावाइतकीच वॉर्डाची तरतूदही समजून घ्यायला हवी. आधी पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज द्यायचा. सह्यांची पडताळणी झाली की गुप्त मतदान होते. चिठ्ठीवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा.

यातली मेख मात्र ध्यानात ठेवा. निम्म्याहून अधिक मते लागतात ती झालेल्या मतदानाची नव्हेत, यादीतल्या एकूण महिला मतदारांची. यादीत ४०० बायका असतील तर अर्जाला १०० सह्या हव्यात आणि आडव्या बाटलीला किमान २०१ मते हवीत. १८० जणी आल्या आणि सगळ्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी दुकान चालूच राहील. जी घरी राहिली तिचे मत जणू उभ्या बाटलीलाच पडले!

मग बायका का येत नाहीत? पुढारी म्हणतील, अडाणी आहेत. ज्या भोगतात त्या सांगतील की मत गुप्त असते, पण सही उघडी असते. सही केल्याचे संध्याकाळपर्यंत गुत्त्यावर कळते आणि रात्री घरी मार बसतो. अशा बाईला आधीच विचारले तर ती तोडही सांगेल. सह्या एकेकीच्या दारात नकोत, आळीतल्या सगळ्यांच्या एका दिवशी घ्या. मतदानाला एकटीदुकटी नको, जथ्याने जाऊ. कामावर जाणारीचा रोज बुडणार नाही अशी वेळ मागून घेऊ. मोहिमा जिंकल्या जातात त्या अशा बारक्या गोष्टींवर.

पण दुकान बंद झाले म्हणजे दारू सुटली असे नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायका दारूबंदीसाठी २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी आली. अवैध दारू आणि गुन्हे वाढले असे कारण देऊन सरकारने २०२१ मध्ये ती उठवली. बंदी बरोबर की चूक, यावर जाणकारांत वाद आहे. पण आपण एवढे तरी शिकावे की बंदी आणणे हे अर्धे काम. पिणाऱ्याचे पुढे काय, हे उरलेले अर्धे. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. तिथे २०१६ पासून 'मुक्तिपथ'ने गावोगावच्या संघटना आणि उपचार यांची सांगड घातली आहे.

हे उरलेले अर्धे काम कोणाला जमते? १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअरदलाल आणि एक डॉक्टर भेटले. दोघेही पक्के दारुडे. एकाने दुसऱ्याला आपली कहाणी सांगितली, उपदेश केला नाही. त्यातून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' उभी राहिली. आज आपल्या राज्यातही तिच्या सभा भरतात. तिथे फी नाही आणि आडनाव विचारत नाहीत.

आपल्या पुण्यातले उदाहरण तर घरचे आहे. डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली. या केंद्राचे वैशिष्ट्य असे की जे रुग्ण म्हणून आले त्यांतलेच कित्येक पुढे तिथे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. नव्याने आलेला माणूस थरथरत्या हाताने कप धरतो, तेव्हा समोरचा म्हणू शकतो, "माझेही हात असेच थरथरत होते." हे बोलायला पदवी पुरत नाही. रुग्णांच्या बायकांसाठीही तिथे गट आहे, कारण दारू एकटा पितो पण आजारी सगळे घर पडते.

याच्या उलट रीतही आपण पाहिली आहे. राळेगणसिद्धीत सुरुवातीच्या काळात पिणाऱ्यांना खांबाला बांधून फटके दिले, हे अण्णा हजारे यांनी स्वतः सांगितले आहे. त्या गावाने पाण्याचे आणि शेतीचे जे काम केले ते थोरच. पण फटक्याने माणूस धाकापुरता थांबतो. आतून का पितो हे चाबकाला कळत नाही.

सुटलेला माणूस बैठकीत असला तर कोणत्या चुका टळतील? एक सांगतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला खोलीत कोंडू नये, डॉक्टरकडे न्यावे. दुसरे, चहात गुपचूप घालायच्या औषधांच्या जाहिराती आपण वाचतो. काही औषधे पोटात असताना वर दारू गेली तर जिवावर बेतते. डॉक्टरांना आणि त्या माणसाला सांगितल्यावाचून असले काही देऊ नका. तिसरे, सुटलेला पुन्हा एकदा घसरला तर "गेला वाया" म्हणून दार लावू नये. घसरण हा या आजारातलाच टप्पा असतो. ज्याने तो ओलांडला त्याच्याइतका धीर दुसरा कोण देणार?

मात्र बोलावणे हळदीकुंकवापुरते नको. एका बाईला कोपऱ्यात बसवून फोटो काढला म्हणजे तिचे ऐकले असे होत नाही. दोघी-तिघी असाव्यात, कारण एकीचे भोग म्हणजे सगळ्यांचे भोग नव्हेत. बाटली सोडून महिनाच झाला आहे अशा माणसाला व्यासपीठावर ओढू नका. आधी त्याचा पाय घट्ट रोवू द्या. आपली कहाणी सांगायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. आणि सुटलेल्या माणसाचेही सगळेच बरोबर असते असे नाही. डॉक्टर, पोलीस, गुरुजी हवेतच. त्यांच्या शेजारी एक पाट या माणसांचा असावा, एवढेच मागणे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, ग्रामपंचायत असेल तिथे ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती कागदावर उरकू देऊ नका. ग्रामरक्षक दल नेमायचे असेल तर नावे ठरवताना भोगलेल्या घरांना विचारा. महापालिकेच्या वॉर्डात असाल तर अर्ज लिहायला बसाल तेव्हा त्या बाईला आधी बसवा आणि कोठून सुरुवात करायची ते तिला विचारा. बैठक रात्री ठेवू नका, त्याच वेळी तिच्या घरी तमाशा असतो. दुपारी ठेवा.

आपल्या आळीतही असा एखादा गडी असेल, जो चार-सहा वर्षे बाटलीला शिवलेला नाही आणि खाली मान घालून वाडीचे शिंपणे करतो. येत्या बैठकीचे पहिले बोलावणे त्याच्या घरी जाऊ द्या. जाताना त्याच्या बायकोलाही सांगा, "वहिनी, तुम्हीही या, तुमच्यावाचून ठरायचे नाही."