आठ खोल्यांचे भाडे

फाल्गुन अमावास्येला वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीस मोठी गर्दी होते. इमारत विकू पाहणारा मध्यस्थ त्या गर्दीकडे बोट दाखवितो; परंतु दर्शनार्थी सायंकाळी परततो, महिन्याचे भाडे देत नाही. येथील खोल्यांचा खरा भाडेकरू म्हणजे कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यातील कारखान्यांचा कामगार.

समजा, आठ खोल्यांची दुमजली इमारत जागेसह ६० लाखांस मिळते आणि प्रत्येक खोलीस दरमहा ४,००० रुपये भाडे येते. मध्यस्थ वार्षिक उत्पन्न ३,८४,००० सांगतो, म्हणजे शेकडा ६.४. प्रत्येक खोली वर्षातून दोन महिने रिकामी धरली की ६४,००० गेले. घरपट्टी, पाण्याचा टँकर, मोटारीचे वीजबिल, शौचटाकीचा उपसा, रंगरंगोटी यांस ७०,००० धरावेत. उरतात २,५०,०००, शेकडा चारच्या किंचित वर. त्यात ३० लाखांचे कर्ज शेकडा नऊने काढले, तर पहिल्या वर्षाचे व्याजच सुमारे २,७०,०००. मुद्दलाचा हप्ता पुन्हा दुकानाच्या गल्ल्यातूनच.

आठ भाडेकरू म्हणजे आठ ठिकाणी वाटलेली जोखीम, ही समजूतही तपासावी. आठही जणांची रोजी एकाच पट्ट्यावर अवलंबून असते. २०२० च्या टाळेबंदीत परप्रांतीय कामगार गावी निघाले, तेव्हा अशा खोल्या एकदमच ओस पडल्या. व्यापाऱ्याच्या भाषेत, एकाच गिऱ्हाइकाला आठ नावांवर दिलेली ही उधारी होय.

कागदपत्रांत सातबारा, बिनशेती आदेश व बांधकाम परवाना पाहावा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. तरी पुष्कळ सौदे त्यावरच होतात. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. दरमहा चार हजारांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे म्हणणारा मालक खोली रिकामी करवून घेताना अडतो.

आता हिशेब उलटा मांडावा. शेकडा सात हवे असतील, तर २,५०,००० निव्वळ उत्पन्नाच्या इमारतीस सुमारे ३६ लाख द्यावेत. वरचे २४ लाख खोल्यांसाठी नव्हेत, जमिनीचा भाव वाढेल या अपेक्षेसाठी दिले जातात. तेवढी रक्कम दहा वर्षे अडकली तरी पेढीचा माल अडणार नाही, अशा घरानेच मध्यस्थाला साठ लाखांचा होकार द्यावा.