रेफरची चिठ्ठी

आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात गोळ्या संपतात, सलाईन संपतं, कुत्रं चावल्यावरची सुई तर नसतेच. रेफरची चिठ्ठी मात्र बारमाही. केंद्र म्हणतं तालुक्याला न्या, तालुका म्हणतो जिल्ह्याला न्या, आणि जिल्हा मोठ्या शहराकडं बोट करतो. नियमानं सपाट भागात 30,000 लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. इमारत आहे, पाटी आहे. रात्री आत कोण असतं, ते विचारू नका.

माझ्या थोरल्या चुलतीला कडबा उचलताना लाल विंचू चावला. अंग घामानं चिंब, हातपाय गार. जीपमधून केंद्रात नेलं तर डॉक्टर मीटिंगला गेलेले. सिस्टर एकटी, तीही कंत्राटी. "दादा, माझ्या हातात काय हाय?" म्हणाली आणि तिनं चिठ्ठी लिहिली. तिचा राग कसा धरायचा? काकू तालुक्याच्या अलीकडंच गेली. कागदोपत्री मात्र केंद्रानं पेशंट वेळेत पुढं पाठवलेला होता. म्हणजे काम झालं!

यावर शहाणी माणसं सांगतात, खेड्यात सोयी नाहीत, काय होणार? मग डॉ. हिंमतराव बावस्करांनी काय केलं? जालना जिल्ह्यातला शेतकऱ्याचा पोरगा, महाडजवळच्या बिरवाडीच्या अशाच केंद्रात नोकरीला लागला. विंचवाच्या रोग्यांपाशी रात्र-रात्र बसला, नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी लागू पडते, हे 'लॅन्सेट'मधून जगाला दाखवलं. तिथं कुठलं मोठं मशीन होतं? रोग्यापाशी बसणारा माणूस होता. ती गोळी आमच्या केंद्रात त्या दिवशी होती की नाही, हे आजतागायत कुणी सांगितलं नाही.

15 ऑगस्ट 2023 पासून सरकारनं उपचार मोफत केले. चांगलं केलं. पण काकूला पैसे कुठं कमी पडले होते?

डॉक्टर का राहत नाहीत, तेही आम्हाला ठाऊक आहे. क्वार्टर गळतं, नळाला पाणी नाही. मग पत्रे बदला की! गेटवर कमान बांधायला निधी निघतो, पत्र्यांना निघत नाही.

ग्रामसभेत मी उठून विचारलं, रात्री दवाखान्यात कोण असणार? साहेब म्हणाले, "108 ला फोन लावा ना." म्हणजे पुन्हा पुढंच न्यायचं.